दोन वाशी आणि हिशेबाबाहेरचा वायू

१/ वाशी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खाडीपुलापलीकडची, नवी मुंबईतील वाशी उभी राहते. दुसरी वाशी धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर आहे. तालुक्याचे गाव, बेभरवशाचा पाऊस, ज्वारी-तुरीची शेती आणि दुधाचा जोडधंदा. भूम-वाशी पट्ट्यातील खव्याच्या भट्ट्या दूरवर ठाऊक आहेत. या दोन गावांत नावापलीकडे साम्य दिसत नाही. तरीही दोन्हीकडच्या काही स्वयंपाकघरांत एकच वायू जळतो. एकीकडे तो नळाने येतो, दुसरीकडे गोठ्यामागच्या टाकीतून. त्याचे नाव मिथेन. आजचा धागा एका साध्या प्रश्नाचा आहे: घराघरांत जळणाऱ्या या वायूपैकी न जळता निसटून गेलेला भाग कोणी मोजला, केव्हा मोजला आणि कोणासाठी मोजला?

२/ प्रथम ओळख. मिथेन म्हणजे कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे चार. त्याला रंग नाही, वासही नाही. इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराकाठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ते पेट घेतात हे दाखवले. त्यांचे मोजमापाचे साधनही नामी होते. काचेच्या नळीत वायू आणि हवा भरायची, विजेची ठिणगी पाडायची आणि स्फोटानंतर आकारमान किती घटले ते पाहायचे. मिथेन मोजण्याच्या इतिहासाची सुरुवात अशी ‘घट’ मोजण्यापासून झाली, हे ध्यानात ठेवावे.

३/ येथे एक गैरसमज दूर करू. घरोघरी येणाऱ्या लाल सिलिंडरमध्ये मिथेन नसतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. सिलिंडर गळला तर आगीचे भय मोठे, परंतु मिथेनच्या हिशेबात तो येत नाही. नळाने येणारा नैसर्गिक वायू मात्र मुख्यतः मिथेनच असतो, आणि गोबर गॅसमध्ये त्याचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६० टक्के असते. शेणातून निघणाऱ्या वायूत मिथेन आहे हे हम्फ्री डेव्ही यांनी १८०८ च्या सुमारास ओळखले होते. म्हणजे नळ आणि गोठा यांचे नाते शास्त्राला दोन शतकांपासून ठाऊक आहे.

४/ याच डेव्ही यांनी १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. खाणीत मिथेन साचू लागला की ज्योतीवर निळसर टोपी चढे, आणि तिच्या उंचीवरून कामगार धोक्याचा अंदाज बांधीत. हे मोजमाप जीव वाचविण्यासाठी होते. वायू किती निसटला याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते, स्फोट होईल की नाही एवढेच पाहायचे होते. मिथेनच्या मोजणीमागचा पहिला मोठा हेतू भीती हा होता. दुसरा हेतू पैसा. तो आपल्याला मुंबईत भेटतो.

५/ १८३४ मध्ये जहाजबांधणीतील तज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी माझगाव येथील आपला बंगला आणि बाग वायूच्या दिव्यांनी उजळली. हेच अर्देशीर पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. शहराच्या वाट्याला हा प्रकाश यायला आणखी तीन दशके जावी लागली. ऑक्टोबर १८६५ मध्ये भेंडी बाजार, चर्चगेट स्ट्रीट आणि एस्प्लनेड रस्त्यावर बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे लागले. दिवे लावणाऱ्यांच्या मागून लोकांची गर्दी फिरत होती.

६/ हा वायू दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढीत. त्यात साधारण निम्मा हायड्रोजन, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मिथेन आणि बाकी कार्बन मोनॉक्साइड वगैरे. म्हणजे मुंबईत मिथेन प्रथम आला तो कोळशातून आणि प्रकाशासाठी. त्या काळी बालाघाटावरील वाशी निजामाच्या राज्यात होती आणि ती स्थिती १९४८ पर्यंत राहिली. तेथील चुलीत गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या आणि मिळेल ते सरपण जळत असे. अर्धवट जळणाऱ्या गोवरीच्या धुरातही थोडा मिथेन असतो. वाशीच्या घरात मिथेन होताच. नळ आणि मीटर तेवढे नव्हते.

७/ मीटर ही या कथेतील कळीची वस्तू आहे. वायूचा व्यापार सुरू झाला तेव्हा कंपन्या दिव्यांच्या संख्येवर आणि तासांवर आकार घेत. १८१५ च्या सुमारास सॅम्युएल क्लेग यांनी पाण्यावर चालणारे मीटर काढले. १८४० च्या दशकात थॉमस ग्लोव्हर यांचे कोरडे मीटर आले. त्यात दोन लवचीक कप्पे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, आणि प्रत्येक फेरीबरोबर काटा पुढे सरकतो. आजही घरगुती गॅसचे मीटर बहुतांशी याच तत्त्वावर चालते.

८/ या यंत्राला दोन ठिकाणी दिसत नाही. मीटरच्या अलीकडे, रस्त्याखालच्या नळांतून गळालेला वायू कोणाच्याच बिलात येत नाही. कंपनीच्या वहीत तो ‘हिशेबात न लागलेला वायू’ म्हणून एका ओळीत मिटतो. धान्याच्या व्यापारात उंदराने खाल्लेले आणि वाळून कमी झालेले ‘घट’ म्हणून लिहितात, तसेच हे. मीटरच्या पलीकडे, शेगडीच्या सांध्यातून किंवा बर्नरमधून न जळता गेलेला वायू मीटरमध्ये मोजला जातो खरा, पण ‘वापरलेला’ म्हणून. मीटर विक्री मोजते. ज्वलन मोजणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

९/ आता माटुंग्याला जाऊ. जैववायूच्या इतिहासावरील असंख्य लेखांत एक वाक्य आढळते: जगातील पहिले संयंत्र १८५९ मध्ये मुंबईतील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत उभे राहिले. ही तारीख तपासून पाहावी. माटुंग्याचे ते कुष्ठधाम महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये सुरू झाले. जी संस्थाच १८९० ची, तिच्यातील टाकी १८५९ ची कशी असेल? खरा काळ १८९७ च्या आसपासचा आहे. १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी मैल्याच्या टाकीतील वायूवर दिवे लावले होते, आणि माटुंग्याचा प्रयोग त्यानंतर दोनच वर्षांनी येतो. मुंबईचा मान यामुळे कमी होत नाही. समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या मैल्यातून निघालेला वायू त्यांच्याच आवारात दिव्यांसाठी वापरला गेला, ही गोष्ट चुकीच्या तारखेहून मोलाची आहे.

१०/ शेणाचा वायू घराच्या चुलीपर्यंत यायला पुढे अर्धे शतक लागले. १९३० च्या दशकाअखेर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून मिथेन काढण्याचे प्रयोग केले. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र विकसित केले. १९५७ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेला खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला आणि हा नमुना आयोगाने १९६० च्या दशकात गावोगाव नेला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सफाई, खत आणि वायू यांची सांगड घातली. देहूचे डॉ. मापुसकर यांनी ती परंपरा शौचालयाला जोडलेल्या संयंत्रांतून पुढे नेली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

११/ तरंगत्या टोपीच्या संयंत्राची एक खुबी आहे: त्याची लोखंडी टोपी हेच त्याचे मीटर. जमिनीत विटांची विहीर, तीत शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून सोडलेले, आणि वर उपडी टोपी. वायू साठला की टोपी वर येते, शेगडी पेटली की खाली बसते. घरातील गृहिणी परसात एक नजर टाकून दोन वेळचा स्वयंपाक निघेल की नाही ते सांगू शके. परंतु टोपी आणि विहिरीची भिंत यांच्यामधल्या फटीतून जे बुडबुडे थेट आकाशात जातात, ते टोपीला उचलीत नाहीत. येथेही साठा दिसतो, घट दिसत नाही.

१२/ पुढे लोखंड महागले, टोप्या गंजू लागल्या आणि पक्क्या घुमटाची संयंत्रे आली: १९७८ मध्ये ‘जनता’, १९८४ मध्ये ‘दीनबंधू’. यांत वायूचा दाब वाढला की तो शेणकाल्याला बाहेरच्या कुंडीकडे ढकलतो. घुमटाला बारीक चीर गेली, तर वायू तेथून पाझरतो. वायू वापरलाच नाही, तर तो कुंडीतून बुडबुड्यांनी निघून जातो. शिवाय बाहेर पडलेला शेणकाला उघड्यावरही काही काळ मिथेन सोडत राहतो. शेगडी कितीही चांगली असली तरी गळतीच्या या वाटा तिच्याआधीच असतात.

१३/ १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाला. त्याची प्रगती सांगितली जाई ती संयंत्रांच्या संख्येत. आता वाशीसारखा दुष्काळी मुलूख डोळ्यांसमोर आणा. जितके शेण तितके पाणी रोज हवे. पाऊस हुकला की आधी पाणी जाते, मग चारा, आणि शेवटी जनावरे छावणीत किंवा बाजारात. टाकी उपाशी पडते. आतला उरलेला काला मात्र काही काळ वायू देतच राहतो, आणि चूल पेटविण्याइतका दाब नसल्याने तो नुसता निसटतो. कागदावर ते ‘एक संयंत्र’ तसेच असते. चालू किती, बंद किती आणि गळके किती, हे तीन वेगळे आकडे आहेत. मोजला गेला तो चौथाच: बांधले किती.

१४/ घट किती मोठी असू शकते? एक काल्पनिक हिशेब करू. दोन घनमीटरचे संयंत्र, रोज सुमारे ५० किलो शेण. त्यातून दोन घनमीटर वायू निघाला आणि त्यात ६० टक्के मिथेन असला, तर रोजचा मिथेन सुमारे ८०० ग्रॅम होतो. त्यातला दहावा भाग गळला असे धरू: रोज ८० ग्रॅम, वर्षाला सुमारे २९ किलो. मिथेन हवेत साधारण बारा वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या मापाने त्याची उष्णता अडविण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या मापाने ८० पट. म्हणजे त्या २९ किलोंचा भार शंभर वर्षांच्या मापाने सुमारे आठशे किलो कार्बन डायऑक्साइडएवढा भरतो. गळती दहा टक्के आहे की दोन, यावर सारे अवलंबून. म्हणून अंदाज पुरत नाही, मोजावे लागते.

१५/ न मोजण्याची किंमत काय असते, याचा धडा भारताने १९९१ मध्ये घेतला. भारतातील भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३.८ कोटी टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडून मांडला गेला होता. तो परदेशातील मोजमापांवर बेतलेला होता. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभर मोहीम निघाली. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेट्या उपड्या ठेवायच्या, ठरावीक वेळाने आतील हवेचे नमुने घ्यायचे आणि मिथेन किती वाढला ते पाहायचे. उत्तर आले सुमारे ४० लाख टन, म्हणजे अंदाजाच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याचे.

१६/ त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी प्रश्न विचारला: गरिबाच्या भाताचा आणि गुरांचा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच पारड्यात कसा तोलायचा? जगण्यासाठीचे उत्सर्जन वेगळे आणि चैनीचे वेगळे. हा न्यायाचा प्रश्न आजही जिवंत आहे. परंतु मित्रा यांच्या मोहिमेने दुसरी गोष्ट शिकविली. आपली घट आपण मोजली नाही, तर ती दुसरा कोणी अंदाजाने लिहितो, आणि तो आकडा आपल्या नावावर चढतो.

१७/ मग चुलींचे काय? कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी भारतातील घरगुती चुली आणि इंधने एकामागून एक तपासली. त्यांचा अहवाल २००० मध्ये आला. पद्धत सुरेख होती. इंधनात कार्बन किती हे आधी ठाऊक असते. धुरातील कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि कण यांतील कार्बनचे परस्परप्रमाण पाहिले, की कोणता वाटा कोठे गेला ते उलगडते. गोवरी आणि लाकूड यांच्या चुलीत इंधनाचा बराच भाग अर्धवट जळून धुरात जात होता. गोबर गॅसची शेगडी सर्वांत स्वच्छ ठरली. अर्थात हे मोजमाप शेगडीचे होते. गोठ्यामागची टाकी त्यात नव्हती.

१८/ दुसऱ्या वाशीकडे वळू. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजावरून खोदताना मुंबई हायला तेल लागले. तेलाबरोबर वायूही आला. पुढे तो समुद्रतळावरील नळाने उरणला पोहोचला. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाली आणि मुंबईपाठोपाठ नवी मुंबईच्या इमारतींतही नळ चढले. आज त्यात आयात वायूही मिसळतो. त्याला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, तो गळती नाकाला कळावी म्हणून. म्हणजे आपले नाक आजही डेव्हीच्या दिव्याचेच काम करते. धोक्याची गळती त्याला कळते. अगदी बारीक, कायमची गळती निसटून जाऊ शकते.

१९/ ही बारीक गळती अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पकडली. त्यांचा अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातील ५३ घरांत त्यांनी स्वयंपाकघर प्लास्टिकच्या पडद्यांनी बंद केले आणि आतील हवेत मिथेन कोणत्या वेगाने वाढतो ते संवेदनशील उपकरणाने टिपले. शेगड्या वापरलेल्या वायूपैकी ०.८ ते १.३ टक्के वायू न जळताच सोडीत होत्या. आश्चर्य पुढे आहे: निसटलेल्या मिथेनपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक भाग शेगडी बंद असताना निघत होता. दोष सांध्यांचा आणि जोडण्यांचा होता. भाताच्या रोपांवरची पेटी आणि हा पडदा, तत्त्व एकच.

२०/ ते तत्त्व समजून घ्या, सोपे आहे. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच असे बंद स्वयंपाकघर म्हणजे २७ घनमीटर हवा. दहा मिनिटांत तेथील मिथेन दर दहा लाख भागांत एका भागाने वाढला, तर २७ मिलिलिटर वायू आला. तासाला सुमारे १६२ मिलिलिटर, वजनाने दहावा हिस्सा ग्रॅम. शेगडी कायम अशीच गळत राहिली, तर वर्षाला एक किलोच्या आसपास. एका घरात हे किरकोळ, लाखो घरांत नाही. कॅलिफोर्नियाचे आकडे मात्र नवी मुंबईला जसेच्या तसे लावू नयेत. शेगड्या वेगळ्या, नळ वेगळे, खिडक्यांची सवयही वेगळी. १९९१ चा धडा उलट बाजूनेही लागू होतो.

२१/ यावरून गोबर गॅस वाईट, असा निष्कर्ष काढू नये. धुराच्या चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे आणि फुप्फुसे हाही हिशेबच आहे, आणि त्यात गोबर गॅसने जे वाचविले ते मोठे आहे. प्रश्न एवढाच, की शेगडीपाशी मिळविलेले टाकीपाशी गमवावे का? उपाय अवघड नाहीत. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती पाहणे, घुमटाची चीर बुजविणे, वायू साचू न देता रोज वापरणे, बाहेरची कुंडी झाकणे. पण जी घट वहीत नाही, तिच्यासाठी गवंड्याला मजुरी कोणी देत नाही.

२२/ इतिहासप्रेमींसाठी येथे काम आहे. गावाकडे गेलात की परसातली ती विहीर शोधा. बहुधा टोपी भंगारात गेलेली असेल, आत कडबा किंवा कचरा असेल. आजीला विचारा: कोणत्या साली बांधली, किती घनमीटरची, किती जनावरे होती, कोणत्या दुष्काळात बंद पडली, सिलिंडर त्याआधी आला की नंतर? ही उत्तरे लिहून ठेवा, तारखेसह. माटुंग्याची तारीख सुमारे अडतीस वर्षे चुकूनही लेखामागून लेखात जात राहिली, कारण मूळ नोंद पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. धाराशिवच्या वाशीतील एखाद्या टाकीचे तसे होऊ नये. ती किती चालली आणि केव्हा थांबली, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत.

धागा समाप्त.